बंद घर आणि घरफोडी : पैसे आधी कुलपावर घालावेत की कॅमेऱ्यावर?

जाईजुई | सोमवार, रात्री १०:४०

गेल्या आठवड्यात आमच्या समोरचं घर फोडलं. ती मंडळी चार दिवस बाहेरगावी होती. आम्ही मात्र घरातच होतो, त्यांच्या दारापासून सात-आठ पावलांवर झोपलेलो, आणि मला ढिम्म काही ऐकू आलं नाही. चोरीपेक्षा मला हेच जास्त लागलंय.

सकाळी दार उघडलं तर समोरच्यांच्या पायपुसण्यावर कुलूप पडलेलं. चांगलं जाडजूड, पितळी, आणि अजून बंदच! ओरखडासुद्धा नाही. त्यात कोयंडा तसाच अडकलेला आणि कोयंड्याच्या भोकांत चार इवलेसे स्क्रू लोंबत होते, लाकडाचा भुसा चिकटलेले. कुलपाने आपलं काम चोख केलं, दारानेच त्याला सोडून दिलं.

आता आमच्याकडे रोज रात्री तोच विषय. नवरा म्हणतो कॅमेरा लावू. सासूबाई म्हणतात लोखंडी सेफ्टी डोअर करा. लेक म्हणतो बोटाच्या ठशाचं कुलूप घेऊ, भारी दिसतं. सगळं एकदम परवडणार नाही. तिसरा मजला, एक मुख्य दार, एक बाल्कनी, आणि स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, जिथून पाण्याचे पाइप वर गेलेत. सुरुवात कुठून करावी? "कुत्रा पाळा" हा सल्ला नको, घरात मांजर आहे.

वाटसरू | सोमवार, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतोय. आमच्याकडे याच वादात दोन वर्षं गेली आणि दाराला अजून जुनीच कडी आहे.

मनीमाऊ | सोमवार, रात्री ११:०५

मांजर आहे म्हणजे अर्धं काम झालं की. चोर आत शिरला की त्याच्या पायात घुटमळेल, तो धडपडेल, तुम्ही जागे व्हाल. (दिवे घ्या.)

तिरपागडा | सोमवार, रात्री ११:२०

ज्याला यायचंच आहे तो येतोच. कुलूप, कॅमेरा, अलार्म हे सगळे आपल्याला झोप लागावी म्हणून विकतात. मोलाचं जे काही आहे ते बँकेच्या लॉकरमध्ये टाका आणि दाराला सुतळी बांधून खुशाल फिरायला जा. मी गंमत करत नाहीये.

सुतारपक्षी | मंगळवार, सकाळी ७:१०

जाईजुईताई, कुलूप शाबूत आणि कोयंडा जमिनीवर, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता मोजणं सोडलं. बावीस वर्षं दारं-चौकटी बसवतोय. फोडलेलं दार दुरुस्तीला येतं तेव्हा कुलूप 'उघडलेलं' असं जवळपास कधी नसतंच. कोयंडा उपटलेला असतो, नाहीतर चौकट चिरलेली.

गिऱ्हाईक कुलपावर सढळ हाताने खर्च करतं आणि कुलूप ज्यात अडकायचं ती पट्टी मात्र पेटीतल्या स्क्रूंनी बसवून घेतं. ते स्क्रू पाऊण इंची. वरवरचं लाकूड धरतात, भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. बाहेरून कटावणी घातली की एक ढलपी निघते आणि विषय संपतो. आवाज किती? एखादी सुकी फांदी मोडावी तेवढा. तुम्हाला ऐकू आलं नाही यात तुमचा काही दोष नाही.

एक करा. दार उघडून चौकटीकडे बघा. लॅचची जीभ ज्या खाचेत जाते तिथे धातूची पट्टी असेल. तिचा एक स्क्रू काढा, मोजा आणि इथे लिहा. पुढचं मग बोलू.

किल्लीबहाद्दर | मंगळवार, सकाळी ९:३५

सुतारपक्षींना +१. तरी कुलपांची बाजू घेणं मला भाग आहे, कारण कुलपं गोळा करणं आणि ती चावीशिवाय उघडून बघणं हा माझा छंद. (स्वतःच्याच कुलपांवर. आधीच सांगितलेलं बरं.)

थोडं अवांतर. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने १७८४ साली कुलपाचं पेटंट घेतलं आणि पुढे आपल्या दुकानाच्या खिडकीतच एक कुलूप मांडलं : जो हे चावीशिवाय उघडेल त्याला दोनशे गिनी, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी. साठएक वर्षं ते कुणाला जमलं नाही. १८५१ मध्ये लंडनला देशोदेशीच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याला आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. आधी त्याने चब कंपनीचं 'डिटेक्टर' कुलूप पंचवीसेक मिनिटांत उघडलं. या कुलपाची खुबी अशी की कुणी छेडछाड केली तर ते अडकून बसायचं आणि मालकाला पत्ता लागायचा. मग हॉब्ज ब्रामाच्या कुलपापुढे बसला. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं. तोवर लोकांना वाटत होतं की न उघडणारं कुलूप असू शकतं. त्या उन्हाळ्यात तो भ्रम गेला.

आज बहुतेकांच्या दाराला असतं ते पिन टंबलर कुलूप. त्याला आजचं रूप दिलं धाकट्या लायनस येलने, १८६० च्या दशकात. स्प्रिंगवरच्या छोट्या पिना चावीच्या दातांनी वर उचलल्या जाऊन एका रेषेत आल्या की चावी ज्यात शिरते तो गोल गाभा, म्हणजे सिलिंडर, फिरतो. लाकडाच्या खुंट्यांची हीच युक्ती प्राचीन इजिप्तमध्ये होती.

वाटसरू | मंगळवार, सकाळी ९:५०

५१ तास! एवढा वेळ बसला तर चोराकडून भाडं घ्यायला हवं.

सुतारपक्षी | मंगळवार, दुपारी १:१५

वाटसरू, हसलात पण मुद्द्यावर बोट ठेवलंत. चोराकडे मिनिटं असतात. युरोपात दारं-खिडक्या तपासायचं एक मानक आहे, ईएन १६२७. त्यात माणसाला हत्यारं देऊन दार फोडायला लावतात आणि घड्याळ लावतात. आरसी २ वर्गाच्या दाराने स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा साध्या हत्यारांपुढे तीन मिनिटं टिकायचं. आरसी ३ ला मोठी कटावणीही देतात, तिथे पाच मिनिटं. बस. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या दाराकडून अपेक्षा इतकीच. तीन मिनिटं जिन्यात ठोकाठोक करायची म्हटलं तर फार मोठी वाटतात, करून बघा.

किल्लीबहाद्दर, तुमच्यासारखं तारेचे आकडे घालून उघडलेलं कुलूप मी बावीस वर्षांत एकदाच पाहिलं. घरमालक स्वतःच चावी विसरला होता आणि शेजारच्या पोराने उघडून दिलं.

बिनतारी | मंगळवार, दुपारी ३:४०

कॅमेऱ्यावर कुणी बोलेना म्हणून मी. याच धंद्यात आहे, तरी सांगतो की कॅमेरा ही पहिली खरेदी नव्हे. एका ओळखीच्यांकडे चार कॅमेरे होते. चोर आले, टोपी-मास्क घालून आले, आणि जाताना टीव्हीखालचा रेकॉर्डरही घेऊन गेले. म्हणजे चोरीचं चित्रीकरण उत्तम झालं, फक्त ते चोरांकडे आहे. रेकॉर्डर लावलाच तर आडजागी, कुलपात ठेवा, नाहीतर चित्रण घराबाहेर साठेल अशी सोय करा.

दुसरं, पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घुसखोर सॉफ्टवेअरने, जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. काय जादू केली? कारखान्यातून येताना जे नाव-पासवर्ड असतात तेच वापरून बघितले, कारण लोक ते बदलतच नाहीत. त्या कॅमेऱ्यांच्या फौजेने त्याच ऑक्टोबरात मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. बसवणारा माणूस निघून जायच्या आत त्याच्यासमोर पासवर्ड बदला.

आणि ताई, मांजर आहे म्हणून खास. खोलीत लावायचे ते पीआयआर सेन्सर हलणारी उष्णता ओळखतात. मांजराने कपाटावरून उडी मारली की भोंगा. आठ दिवसांत कंटाळून तुम्ही तो बंद कराल, आणि बंद अलार्म असला काय, नसला काय. त्यापेक्षा दारा-खिडकीला लोहचुंबकाचा सेन्सर लावा. चौकटीवर स्विच, दारावर चुंबक, दोघं लांब गेले की वाजतं. स्वस्त, आणि मांजराशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मनीमाऊ | मंगळवार, दुपारी ३:५८

मांजराचा मुद्दा शेवटी गंभीरपणे घेतला गेला. आभारी आहे.

किल्लीबहाद्दर | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

बिनतारी, कॅमेऱ्याला अगदीच हिणवू नका हो. त्याचा पहिला उपयोग चोर पकडणं हा नव्हताच. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक नर्स राहायची. कामाच्या वेळा विचित्र, रात्री-अपरात्री घरी एकटी, पोलीस लवकर येत नसत. तिने नवऱ्याच्या मदतीने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांतून वर-खाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायला माइक, दार लांबूनच उघडायचं बटण आणि मदत मागवायचं वेगळं बटण. आजचा व्हिडिओ डोअरबेल म्हणजे तीच गोष्ट. दार उघडायच्या *आधी* बाहेर कोण आहे ते बघणं. घरी एकटं म्हातारं माणूस असेल तर मी कुलपाच्या बरोबरीने यावर खर्च करीन.

बिनतारी | मंगळवार, संध्याकाळी ५:३१

हे मान्य. मी बंद घराबद्दल बोलत होतो.

सांजवात | मंगळवार, रात्री ९:४५

खूप दिवस फक्त वाचत होते. लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी झाली. आम्ही एका रात्रीसाठी बाहेर होतो, फक्त एका रात्रीसाठी. बाथरूमची खिडकी. त्या काचेच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्या एकेक सरकवून बाहेर काढल्या आणि भिंतीला टेकवून ओळीने ठेवल्या होत्या. एकही फुटली नव्हती. ती शिस्तीत लावलेली काचांची ओळ मला अजून दिसते.

कपाटातले ड्रॉवर सगळे उघडे, पायऱ्यांसारखे. पंचनाम्याला आलेले गृहस्थ म्हणाले, खालून वर उघडत येतात, म्हणजे वरचा बघायला खालचा बंद करावा लागत नाही, वेळ वाचतो. साड्यांच्या घड्या, फायलींच्या मागची जागा, धान्याचे डबे, गादीखाली, देव ठेवलेल्या फळीच्या मागे, मी ज्याला ज्याला 'सुरक्षित जागा' समजत होते त्या सगळ्या त्यांना पाठ होत्या. मुलीची खेळण्यांची पेटी मात्र नुसती सरकवून ठेवलेली.

गेलं त्याचं दुःख सहा महिन्यांत ओसरलं. पण माझे कपडे मी सगळे दोनदा धुतले, आणि तरी त्यातले काही कधी घातले नाहीत. नंतर आम्ही सगळ्या खिडक्यांना लोखंडी गज वेल्ड करून घेतले. झोप तेव्हा लागायला लागली.

जाईजुई, सुरुवात कुठून करायची विचारत होतीस ना? डक्टमधली खिडकी. ती आधी.

जाईजुई | मंगळवार, रात्री १०:०२

सांजवात, लिहिलंस ते बरं केलंस गं. त्या काचांचं वाचून उठले आणि स्वयंपाकघराची खिडकी बघून आले.

बंबवाला | बुधवार, सकाळी ६:२०

रात्रपाळी संपवून लिहितोय, शब्द कडक वाटले तर सांभाळून घ्या.

सांजवातताई, तुमचं दुःख समजतं. पण 'सगळ्या खिडक्यांना वेल्ड केलेले गज' हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी आगीच्या बंबावर काम करतो. अशाच गजांमागे उभं राहून हाका मारणाऱ्या माणसांपर्यंत आम्ही शिडी लावून पोचलोय. हात धरता येतो, माणूस बाहेर काढता येत नाही. मग कटर मागवायचा, गज कापायचे. त्या दिवशी सगळी वाचली, पण आईने लेकराचं तोंड गजांच्या फटीत दाबून धरलं होतं, श्वास मिळावा म्हणून. ते मी विसरणार नाही.

धूर झाला की स्वतःचा हात दिसत नाही. अशात "चावी दुसऱ्या खोलीत खुंटीला आहे" याचा अर्थ चावी नाही. म्हणून झोपायच्या प्रत्येक खोलीत एक तरी खिडकी अशी हवी की तिच्या जाळीचा झरोका आतून, चावीशिवाय उघडेल आणि मोठा माणूस त्यातून बाहेर निघेल. दाराचंही तेच. आतूनही चावीच लागते असं कुलूप रात्री घरात माणसं असताना लावू नये.

सांजवात | बुधवार, सकाळी ८:१५

पटतं. खरंच पटतं. पण ज्याच्या घरात शिरून गेलेत त्याला आतून उघडणारी कोणतीही गोष्ट नको वाटते. मी उघडू शकते म्हणजे तोही हात घालून उघडेल, असं मन म्हणतं.

सुतारपक्षी | बुधवार, सकाळी ८:४०

ताई, त्यावर उपाय आहे, आणि फार मोठा नाही. वेल्ड केलेली जाळी फेकायची नाही. त्यातलाच एक चौकोन कापून त्याला बिजागऱ्या लावायच्या. कडी आतून, आणि कडीभोवती तीन बाजूंनी पत्र्याची पेटी, म्हणजे बाहेरून गजांमधून मनगट आलं तरी कडीपर्यंत बोटं वळत नाहीत. एका दिवसाचं काम. बिजागरीची पिन दोन्ही टोकांना वेल्डचा ठिपका देऊन बंद करायची, नाहीतर बाहेरून ठोकून काढतील. आणि झाल्यावर घरातल्या लहान-थोर सगळ्यांनी डोळे मिटून ती कडी उघडून बघायची.

बंबवाला | बुधवार, सकाळी ८:४४

डोळे मिटून. हेच सांगायचं राहिलं होतं. धन्यवाद.

तिरपागडा | बुधवार, दुपारी १२:३०

मी मागे सुतळीचं लिहिलं, त्यावर कुणी वाद घातला नाही म्हणून मीच घालतो.

माझ्याकडे झाली तेव्हा दार नुसतं ओढून घेतलं होतं. लॅच आपोआप बसलं, म्हटलं झालं. चावी फिरवायचा कंटाळा. ओढून घेतलेल्या लॅचची जीभ तिरकी, स्प्रिंगवरची असते, एखादा पातळ तुकडा सरकवला की मागे जाते, हे मला नंतर कळलं. दारावर खूण नाही, चौकटीला ओरखडा नाही. घराचा विमा होता. विमावाल्यांनी पॉलिसीतलं एक वाक्य दाखवलं : बळाने प्रवेश केल्याच्या दृश्य खुणा असाव्यात. खुणा नव्हत्या. दावा फेटाळला. म्हणजे चोराने दार फोडलं असतं तर मला पैसे मिळाले असते, सभ्यपणे उघडलं म्हणून नाही.

तेव्हापासून मी असा तिरपा बोलतो. चावी मात्र दोनदा फिरवतो.

वाटसरू | बुधवार, दुपारी १२:४१

आयडीचा उगम कळला.

नाना_फडताळ | बुधवार, दुपारी ४:१०

मंडळी, तुम्ही सगळे चोर दारात आल्यानंतरचं बोलताय. तो दारात का आला ते बघा ना. बाहेरून लटकणारं कुलूप म्हणजे 'घरी कुणी नाही' अशी पाटीच. आमच्या काळात दुसरा इलाज नव्हता, आता दारातच बसवलेली कुलपं मिळतात, बाहेरून कळत नाही आत माणूस आहे की नाही. दारात वर्तमानपत्रं साचू देऊ नका, शेजाऱ्यांना उचलायला सांगा. आणि ते टायमरचे दिवे रोज ठरल्या मिनिटाला लागतात, समोरच्या कट्ट्यावर चार दिवस बसणाऱ्याला ते पाचव्या दिवशी समजतं. वेळ मागेपुढे करणारा टायमर घ्या.

शिवाय फिरायला निघालात की विमानातून फोटो टाकायची जी घाई असते ती परत आल्यावर करा. परवा आमच्या पुतणीने नव्या घराच्या चावीचा फोटो टाकला, हातात धरून, अगदी जवळून. मी म्हटलं बाळ, हे काय?

किल्लीबहाद्दर | बुधवार, दुपारी ४:२५

नाना, अगदी अगदी! चावीचा स्पष्ट फोटो म्हणजे चावीच. अमेरिकेत विमानतळावर सामान तपासणारे वापरतात त्या मास्टर चाव्यांचा फोटो २०१४ मध्ये एका वृत्तपत्रात छापून आला. पुढच्याच वर्षी लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चाव्या काढल्या आणि त्या चालल्या. पुतणीला सिलिंडर बदलायला सांगा. पूर्ण कुलूप बदलावं लागत नाही, सिलिंडर एका लांब स्क्रूवर असतो.

आणि बदलताना त्याची लांबी मोजून घ्या. दाराबाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकवायला नको. बाहेर आलेला सिलिंडर पकडीत धरून मधल्या नाजूक जागी मोडतात.

पुस्तकी_किडा | बुधवार, रात्री ८:००

एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. एकदा फोडलेल्या घरात पुन्हा चोरी व्हायचा धोका पुढच्या काही आठवड्यांत वाढलेला असतो, आणि आजूबाजूच्या घरांनाही. चोराला वाट कळलेली असते, गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या आलेल्या असतात.

इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची वस्ती आहे. १९८० च्या दशकात तिथे घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. तेव्हा सरसकट सगळ्यांना उपदेश करण्याऐवजी ज्यांच्याकडे नुकतीच चोरी झाली त्यांच्यावरच लक्ष दिलं. चोर जिथून शिरला ती जागा लगेच पक्की केली. घराघरात नाणी टाकून चालणारे विजेचे-गॅसचे मीटर होते, म्हणजे भिंतीवर टांगलेला गल्लाच, ते काढले. आणि त्या घराभोवतीच्या पाच-सहा घरांना फक्त इतकंच सांगितलं की याच्या दाराकडे जरा लक्ष ठेवा. घरफोड्या झपाट्याने उतरल्या.

जाईजुई, तुमच्या समोरच्यांचा कोयंडा पुन्हा त्याच स्क्रूंनी बसवला असेल तर आधी तिकडे जा.

जाईजुई | गुरुवार, रात्री ९:२०

बरंच काही घडलंय, सविस्तर लिहिते.

काल स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. लॅचच्या पट्टीचा पहिला स्क्रू काढला. सुतारपक्षीदादा, मोजायची गरजच पडली नाही, माझ्या करंगळीच्या नखापेक्षा जेमतेम लांब. दुसरा फिरवायला गेले तर फिरेचना, नुसता बोटांनी ओढला आणि आला. त्या भोकात आगपेटीची काडी खोचलेली निघाली! म्हणजे पूर्वी कधीतरी कुणीतरी सैल झालेला स्क्रू काडी घालून घट्ट केला होता. इतकी वर्षं आमचं घर एका काडीवर बंद होत होतं.

बिजागऱ्या बघितल्या, त्या आतल्या बाजूला आहेत, तेवढं बरं. डक्टच्या खिडकीची जाळी हलवली तर एका कोपऱ्यात प्लास्टर निघून हातात आलं.

मग समोर गेले. त्यांनी नवीन कुलूप आणलंय, पहिल्यापेक्षा मोठं. कोयंडा तोच, वाकलेला ठोकून सरळ केलेला, भोकं जरा बाजूला सरकवून. वहिनींना म्हटलं, थांबा, हे वाचा, आणि हा धागाच दाखवला.

सुतारपक्षी | गुरुवार, रात्री ९:४८

काडी! निम्म्या दारांत सापडते ताई, आमच्याच लोकांची करामत.

दोन्ही घरांचं एकदमच करून घ्या. लॅचची पट्टी लांब घ्या, हातभर नको पण वीतभर तरी. स्क्रू तीन इंची, चौकट पार करून भिंतीत जाणारे, भिंतीत प्लग घालून. जुनं काडीचं भोक वापरायचं नाही. समोरच्यांना कोयंडाच हवा असेल तर आरपार बोल्टचा, बाहेरून गोल गुळगुळीत डोकं, आतून वायसर आणि नट. पण नाना म्हणतात ते खरं, बाहेरचं कुलूपच नको, दारात बसवलेलं घ्या आणि चावी पूर्ण फिरवा. बोटाच्या ठशाचं कुलूप मुलाला दहावं वर्ष लागेल तेव्हा बघू, त्याचीही जीभ याच चौकटीत जाणार आहे.

डक्टची जाळी भिंतीत निदान तीन-चार इंच गेलेल्या फास्टनरवर बसवा. पुढचं सगळं त्यानंतर.

बिनतारी | गुरुवार, रात्री १०:०५

आणि यातून उरलेल्या पैशात दोन चुंबकी सेन्सर. कॅमेरा पुढच्या वर्षी. नवऱ्याला माझं नाव सांगू नका.

जाईजुई | गुरुवार, रात्री १०:१२

लेक बारावीत आहे हो दादा! पण सांगते त्याला. रविवारी सुतार येतोय, दोन्ही दारं एकत्र. वहिनींची एक चावी आता माझ्याकडे आहे आणि माझी त्यांच्याकडे.

मनीमाऊ | गुरुवार, रात्री १०:२०

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न राहिला. त्या रात्री मांजर काय करत होती?

जाईजुई | गुरुवार, रात्री १०:३१

हे विचारायला नको होतंस. पहाटे तीनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले होते. ती दाराशी बसली होती, कान टवकारून, अंग फुगवून, दाराच्या फटीकडे बघत. मी तिला म्हटलं, "काय गं, झोप की आता," आणि उचलून आत नेलं.